पावसाळी ट्रेकला गेटर्स : पाय खरंच कोरडे राहतात का?

रानजाई
नमस्कार मंडळी. जुलैत सह्याद्रीतलं अंधारबन करायचं घाटतंय आणि डिसेंबरात हिमालयातलं केदारकंठा. बूट दोन्हीकडे एकच वापरणार. घोट्याच्या वर येणारे आहेत, आतून वॉटरप्रूफ पडदा आहे. पण मागच्या पावसाळ्यात राजमाचीला अर्ध्या वाटेतच पचपच आवाज सुरू झाला आणि परत येईपर्यंत बोटं पांढरीफटक. दुकानदार म्हणतो, "बूट चांगलेच आहेत मॅडम, वरून गेटर्स चढवा, एक थेंब आत जाणार नाही." (गेटर्स म्हणजे बुटाच्या तोंडावरून पोटरीपर्यंत बांधायचं कापडी आवरण.) हे खरं मानू का? आणि गेटर्स पँटच्या वरून घालायचे की आतून? मैत्रीण म्हणते आतून, यूट्यूबवरचा माणूस म्हणतो वरून.

कातळवेडा
थेंब जाणार नाही हे खरं आहे. धार जाईल. :)
अंधारबनला भर पावसात ओढे ओलांडावे लागतात, पाणी पोटरीच्या वर. तिथे गेटर्स काय करणार? पैसे वाचवा, जाळीचे बूट घाला. आणि निघण्याआधी त्या वाटेवर बंदी नाही ना, ते बघून घ्या. अलीकडे ऐन पावसाळ्यात बंद करतात.

पोटरीभर
+१. ओढ्यात वॉटरप्रूफ बूट म्हणजे शिक्षा.

घाटवाट_जुनी
रानजाईताई, दुकानदार खोटं बोलत नाहीये, पण तो बर्फाचं उत्तर पावसाला देतोय.

बुटाच्या कापडातून पाणी शिरतं ते फार थोडं. खरं पाणी येतं वरून, घोट्याजवळच्या तोंडातून. पाऊस मांडीवर पडतो, पँट भिजते, पाणी पँटमधून खाली उतरतं, मोज्याला लागतं आणि मोजा ते शोषून थेट बोटांपर्यंत नेतो. आता या भिजलेल्या पँटवर गेटर बांधला तर काय होईल? वरून येणारं पाणी गेटरच्या आतच उतरणार आणि बुटात जाणार. गेटर तिथे नरसाळ्याचं काम करतो. म्हणून पावसात गेटर आत आणि रेन पँट त्याच्या वरून, म्हणजे पाणी गेटरच्या बाहेर ओघळतं. बर्फात उलटं: पँट आत, गेटर बाहेर, कारण तिथे शत्रू वरून ओघळत नाही, खालून आणि बाजूने घुसतो. तुमची मैत्रीण आणि यूट्यूबवाला दोघेही बरोबर आहेत, दोघं वेगवेगळ्या डोंगरावर उभे आहेत इतकंच.

पण सह्याद्रीत जुलैत रेन पँट घालून घाट चढून बघा. हवेत आधीच आर्द्रता शंभराच्या जवळ, तापमान चोवीस-पंचवीस. तो श्वास घेणारा पडदा वगैरे जो असतो, तो वाफ बाहेर सोडतो तेव्हा आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा बरीच जास्त उबदार आणि दमट असावी लागते. आपल्याकडे बाहेरच आतल्यासारखं असतं. मग वाफ जाणार कुठे? पावसाने नाही भिजलात तर घामाने भिजता. त्यात बुटाच्या बाहेरच्या कापडावरचा पाणी झटकणारा थर वर्षभरात चिखलाने आणि घासून संपतो. मग ते कापड पाणी पिऊन बसतं आणि उरलीसुरली वाफही अडते.

आणि एकदा पाणी आत गेलं की वॉटरप्रूफ बुटातून ते बाहेर पडायला वाट नसते. जाळीच्या बुटातून चार पावलांत निघून जातं.

चिखलपाय
घाटवाटकाकांचा मुद्दा मान्य, पण सगळे मिळून गेटर्सची इतकी धुलाई करू नका. मी पावसाळ्यात गेटर्स वापरते, पाय कोरडे राहावेत म्हणून नव्हे. चिखल आणि बारीक खडी बुटात जात नाही. उतरताना बुटात गेलेला एक खडा ओल्या मोज्याखाली काय करतो ते ज्याचं त्याला माहीत. कारवीची खुंटं नडगीला लागत नाहीत, काटेरी झुडपांतून बिनधास्त जाता येतं. शिवाय जळवा! आंबोलीच्या जंगलात गेटर्समुळे माझे पाय वाचले.

कातळवेडा
जळवा गेटर्सने थांबतात? माझ्या मित्राच्या गेटर्सवरून चढून जळू गुडघ्याच्या वर गेली होती. त्याला कळलं ते पँटवर रक्ताचा डाग दिसल्यावर.

चिखलपाय
वर चढते, पण निदान दिसते की! माझे गेटर्स फिकट राखाडी आहेत, मुद्दाम. काळे घेतले तर उपयोग नाही.

आंबोलीकर_भाचा
यात थोडं सांगतो, आमचं येणंजाणं त्याच भागात. जळू खालून चढते आणि फट शोधते. बुटाच्या नाड्यांची भोकं, मोज्याची वीण, गेटरचं वरचं तोंड, सगळीकडून. तिच्यासाठी वेगळे घट्ट विणीचे सुती मोजे मिळतात, गुडघ्यापर्यंत येणारे. नेहमीच्या मोज्यावर, पँट आत खोचून घालायचे आणि वर नाडी बांधायची. कुद्रेमुख, कूर्ग भागात गाईड लोक तेच घालायला लावतात. विणीतून तिला तोंड खुपसता येत नाही. गेटर घालायचा तर त्याच्यावर.

तंबाखूचं पाणी आणि मीठ लावून लोक जातात. पहिल्या अर्ध्या तासाच्या पावसात सगळं धुऊन जातं. चिकटली तर नखाने बाजूला सरकवून काढा, काडी पेटवून चटका देऊ नका. जखमेतून रक्त बराच वेळ वाहतं, कारण ती रक्त गोठू न देणारं द्रव्य सोडते. घाबरण्यासारखं नसतं.

आणि एक. सह्याद्रीत सगळीकडे जळवा नाहीत. राजगड-तोरण्याच्या उघड्या सोंडेवर जळवांच्या भीतीने गेटर्स घालून येणारे पाहिले की मौज वाटते.

कुसळ्या
कोणीच खरा उपयोग सांगत नाहीये!! सह्याद्रीत गेटर्सचा मोसम पावसाळा नाही. दिवाळीनंतरचा आहे.

ऑक्टोबरच्या शेवटी गवत पिवळं पडतं आणि कुसळं तयार होतात. कात्रज ते सिंहगड करून बघा, नाहीतर राजगड ते तोरणा. पहिल्या टेकडीनंतर मोजे आणि नाड्या यांची पार वाट लागलेली असते. कुसळाच्या शेपटीचा पीळ ओल लागली की उलगडत फिरतो आणि टोक आत घुसतं. जमिनीत रुजायची त्याची युक्तीच ती, पण तीच युक्ती मोज्यात चालते. घाम आला की आत, आणखी आत. रात्री टॉर्चच्या उजेडात एकेक उपटत बसायचं. गुळगुळीत नायलॉनचे गेटर्स असले की कुसळाला पकडच मिळत नाही, हात फिरवला की गळून पडतात. गुडघ्यापर्यंतचे नसले तरी चालतात, घोट्याचे आखूडही पुरतात, फक्त नाड्या पूर्ण झाकल्या पाहिजेत. ट्रॅकपँट मात्र घालू नका त्या दिवसांत.

पोटरीभर
कुसळ्या, तुझं नाव आज सार्थ झालं.

रानजाई
सगळ्यांचे आभार, इतकं काही असेल असं वाटलं नव्हतं. म्हणजे जुलैसाठी गेटर्स नको हे कळलं. पण पाँचो (डोक्यावरून सोडायचा सैल, बिनबाह्यांचा रेनकोट) घातला तर? रेन पँट नाही, फक्त पाँचो आणि खाली गेटर्स. मग उकडणारही नाही.

घाटवाट_जुनी
कागदावर चांगलं आहे. पाँचोचं सगळं पाणी त्याच्या खालच्या कडेवरून गळतं. ती कड चालताना नेमकी गुडघ्यावर आणि नडगीवर आपटत राहते, म्हणजे गेटरच्या वरच्या तोंडाशी. तिथली नाडी कितीही आवळली तरी कापडातून पाणी झिरपतंच. आणि जास्त आवळली तर पोटरी आखडते. शिवाय घाटमाथ्यावर वारा सुटला की पाँचो डोक्यावर जातो, पायांचं राखण करायला उरत नाही.

जुलैत पाय कोरडे ठेवायचा नादच सोडा. पाय भिजणार. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. त्या पाण्याशी कापडाने काय भांडायचं? भिजलेला पाय धड ठेवायचा, एवढंच हातात आहे. निघण्याआधी तळव्याला आणि बोटांच्या मधे व्हॅसलीन चोळा. मोजे सुती नकोत, लोकरीचे किंवा सिंथेटिक. सुती मोजा पाणी धरून ठेवतो आणि सुरकुतून फोड आणतो. जेवायला थांबलात की बूट काढा, मोजे पिळा, पाय दहा मिनिटं उघडे ठेवा. मुक्काम असेल तर झोपायचे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या तळाशी, आणि काही झालं तरी ते चालायला वापरायचे नाहीत. सकाळी पुन्हा ओले मोजे चढवताना शिव्या येतात, येऊ द्याव्यात.

बूट चुलीजवळ वाळवू नका. सोलचा डिंक सुटतो आणि तो सुटतो दुसऱ्या दिवशी, उतरणीवर. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, ओले झाले की बदला.

अवांतर: पहिल्या महायुद्धात खंदकांत उभ्या राहिलेल्या सैनिकांचे पाय असेच गेले. तेव्हा पोटरीला लोकरीच्या लांब पट्ट्या गुंडाळत. त्या भिजून आवळत, रक्त खाली उतरायचं थांबे आणि थंड पाण्यात उभं राहून पाय सडत. शेवटी इंग्रजांच्या फौजेने मोजे बदलायची आणि पायांना तेल चोळायची सक्तीच केली. म्हणजे उपाय तेव्हाही पाणी अडवण्याचा नव्हता, पाय सांभाळण्याचा होता.

हायलँडचा_हापूस
स्कॉटलंडहून लिहितोय. वाचताना गंमत वाटली, कारण इथे गेटर्सशिवाय डोंगरावर कोणी दिसलं की तो नवखा समजावा. पाऊस कमी नाही हो. पश्चिम हायलँड्समध्ये काही ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पण तो बारा महिने, बारीक बारीक. आपल्यासारखा कोसळत नाही. पाणी असतं ते पायाखाली. पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची दलदल, वर हिरवं शेवाळ, पाऊल टाकलं की नडगीपर्यंत आत. आणि हेदरची ओली झुडपं दोन्ही बाजूंनी पँटला पुसत राहतात. हवा पाच-सात अंशांची, त्यामुळे घाटवाटकाका म्हणतात तो पडदा इथे खरंच काम करतो. आत पाय गरम, बाहेर गार, वाफ निघून जाते.

इथे ३००० फुटांवरच्या डोंगरांना मनरो म्हणतात, एकूण २८२, आणि लोक आयुष्यभर ते मोजत पुरे करतात. त्यांच्या गाडीच्या डिकीत कायम चिखलाने वाळलेले गेटर्स पडलेले असतात. अजून एक कारण म्हणजे गोचीड. उंच नेच्यांमधून गेलं की चिकटतात, त्यातून लाइम नावाचा आजार होतो. गेटर्स आणि पँट आत खोचलेली असली की त्यांना कातडीपर्यंत पोचायला वेळ लागतो.

शिलाईयंत्र
विकतचे चांगले हजाराच्या पुढेच असतात, म्हणून घरी शिवलेत त्याबद्दल सांगते. तुटलेल्या छत्रीचं कापड घेऊ नका, पहिल्याच काट्याला टरकतं. जुन्या सॅकचं किंवा प्रवासी बॅगेचं जाड नायलॉन उत्तम. पोटरीचा घेर पँट घालून मोजा, उघड्या पायावर नको. पुढच्या बाजूला वरपासून खालपर्यंत वेलक्रो. मागे लावलात तर वाकून, सॅक पाठीवर असताना, हात पोचत नाही. खाली नाडीत अडकवायला ब्लाऊजचा हुक चालत नाही, तो सरळ होतो. पडद्याचा जाड हुक लावा. वरच्या कडेला नाडी आणि तिला स्टॉपर.

सोलच्या खालून जाणारा पट्टा हाच सगळ्यात आधी मरतो. आपला काळा कातळ कानशीसारखा घासतो. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून लावा, दुकानातल्या पट्ट्यापेक्षा जास्त टिकते आणि तुटली तर पंक्चरवाला फुकट देतो.

कुसळ्या
ट्यूबची आयडिया कडक आहे ताई. वाचनखूण साठवली.

हिमरेषा
रानजाई, तुझा केदारकंठा राहूनच गेला सगळ्यांच्या गप्पांत. तिथे मात्र गेटर्स लागतातच, यात वाद नाही.

माथा साधारण १२,५०० फूट. डिसेंबरअखेर बर्फ बहुतेक असतो. सकाळी तो कडक असतो, पाऊल वर राहतं. ऊन चढलं की मऊ होतो आणि उतरताना पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. दरवेळी मूठभर बर्फ बुटाच्या तोंडातून आत. तो पायाच्या उबेने वितळतो आणि संध्याकाळी पारा उतरला की तोच ओला मोजा बोटं गारठवतो. पावसात भिजलेला पाय त्रास देतो, बर्फात भिजलेला पाय बोटं घेऊन जाऊ शकतो. फरक एवढा मोठा आहे.

विकत घ्यायची गरज नाही. पायथ्याच्या सांकरी गावात भाड्याने मिळतात, मायक्रोस्पाइक्सबरोबरच (बर्फात पकड यावी म्हणून बुटाखाली चढवायचे काटे). ट्रेक कंपनीही देते बरेचदा. घेताना तिथेच, उजेडात, दोन्ही पायांत घालून बघ. बकल बाहेरच्या बाजूला आलं पाहिजे. आत आलं तर चालताना एकमेकांत अडकतं आणि तोंडावर पडायला होतं. पुढचा हुक सगळ्यात खालच्या नाडीत. सोलचा पट्टा टाचेच्या थोडा पुढे, कमानीत बसला पाहिजे, म्हणजे स्पाइक्स त्याच्यावर नीट बसतात. वेलक्रोत बर्फ आणि लोकरीचा कचरा भरलेला असला तर दुसरा जोड माग. तो रस्त्यात उघडणारच. वरची नाडी दोन बोटं जातील एवढी सैल. घट्ट केलीस तर पायाला रक्त कमी पोचतं आणि बोटं जास्तच गारठतात. याच कारणासाठी घट्ट बुटात दोन-दोन मोजे कोंबू नकोस.

कॅम्पवर आलं की तंबूच्या बाहेरच गेटर्स झटकायचे. आत आणलेस तर बर्फ वितळून स्लीपिंग बॅग भिजते, बाहेर ठेवलेस तर सकाळी पत्र्यासारखे ताठ. मधला मार्ग म्हणजे झटकून, पिशवीत घालून तंबूच्या दाराशी. बूट मात्र आतच.

आणि हो, उतरताना सगळे बसून घसरतात. गेटर्स कितीही चांगले असोत, बर्फ कमरेतून शिरतो. त्यावर अजून कोणी काही शोधलेलं नाही.

पोटरीभर
शिलाईयंत्रताई शोधतील.

बागायतीतला
दोडामार्गहून. ह्यां गेटर प्रकरण आमच्याकडे नाय. पण पाय भिजण्याचं म्हणाल तर लावणीच्या दिवसांत आम्ही दिवसचे दिवस चिखलात असतो. गमबूट घालून लावणी होत नाही, पाऊल चिखलात रुततं आणि बूट तिथेच राहतो. त्यामुळे अनवाणी. मग चिखल्या होतात, बोटांच्या बेचक्यात कातडी फुटून चर पडतात. बायका मेंदी लावतात.

मला विचारायचं होतं ते वेगळंच. स्कॉटलंडवाल्यांनी गोचिडीचा विषय काढला म्हणून. आमच्याकडे २०१६ पासून गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाची धास्ती आहे, त्याच्या आदल्या वर्षी पलीकडे गोव्यात सत्तरीत होता. पावसाळा सरला, जानेवारी लागला की काजूत जायचं म्हणजे पोटात गोळा. पालापाचोळ्यात पिसवा असतात. या गेटर्सचा तिथे उपयोग होईल का? बागेत रोज घालून काम करता येईल असे?

डॉ_ओलेता
दोन्हीवर लिहितो.

चिखल्यांना मेंदीने कातडी थोडी कोरडी पडते, पण बुरशी असेल तर मलम लागतं आणि ते दवाखान्यात मिळतं. संध्याकाळी पाय धुऊन बेचकी पुसून कोरडी करणं, रात्री खोबरेल किंवा व्हॅसलीन, हे रोज. चर पडलेल्या पायांनी खाचरात उतरणं मात्र धोक्याचं, कारण लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा जंतू) तिथूनच शिरतो. उंदीर-गुरांच्या लघवीने दूषित झालेलं पाणी आणि उघडी जखम, एवढं त्याला पुरतं. लावणीच्या काळात आरोग्य केंद्रात प्रतिबंधक गोळ्या मिळतात, विचारून घ्या. लावणीनंतर ताप आणि पोटऱ्या प्रचंड दुखायला लागल्या तर घरी काढा पीत बसू नका. ट्रेकर मंडळींनाही हे लागू, गावाजवळच्या साचलेल्या पाण्यातून कापलेल्या पायांनी जाऊ नका.

माकडताप: हा विषाणू पहिल्यांदा १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला. गोचिडीची पिल्लं, तुम्ही पिसवा म्हणता त्याच, फार बारीक असतात. पाल्यातून पायावर येतात आणि वर चढतात. काजूत गेटर्स नक्की उपयोगी, पण एकटे नाहीत. फिकट रंगाची लांब पँट, ती मोज्यात खोचलेली, वर गेटर, आणि आरोग्य खात्याकडून मिळणारं कीटकरोधक तेल कपड्याबाहेरच्या कातडीला. बागेत पाल्यावर बसू नका. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि अंगभर साबणाने आंघोळ, काखा-जांघा तपासून. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कळवा.

बागायतीतला
धन्यवाद डॉक्टर. गमबूट चालतील का गेटर्सऐवजी? घरात आहेत.

डॉ_ओलेता
काजूत चालतील, उत्तमच. गुळगुळीत रबरावर गोचिडीला चढणं अवघड जातं आणि फुरशापासूनही पाय वाचतो. फक्त पँट बुटाच्या आत खोचा आणि घालण्याआधी बूट उलटा करून झटका. रोज.

शिलाईयंत्र
बागायतीतला, गमबुटात उकडतं म्हणून कोणाला गेटर्स हवे असतील तर पोटरीचा घेर आणि गुडघ्यापर्यंतची उंची कळवा. पांढऱ्या जाड कापडाचा एक जोड शिवून कुरियर करते. बागेत वापरून कुठे फाटतो ते सांगा, म्हणजे पुढचा तिथे दुहेरी शिवता येईल.